दहा वर्षांच्या पोरांची मॅच पेठेची नसते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे पेठांतले फुटबॉल संघ समोरासमोर आले की घसा बसेपर्यंत ओरडायचं, हे आम्हा कोल्हापूरकरांना कुणी शिकवावं लागत नाही. मीही त्याच गॅलरीत वाढलो. त्यामुळे मुलाच्या दहा वर्षांखालच्या मॅचलाही लाइनला उभा राहून मी तसाच ओरडायचो. ‘पास दे’, ‘मार की’, ‘मागं ये’. पलीकडून त्याचा कोच भलतंच सांगत असायचा. बॉल पायाशी आला की पोरगं आधी माझ्याकडं बघायचं, तेवढ्यात बॉल दुसराच घेऊन जायचा. मग मी आणखी चिडायचो. परतताना स्कूटरवर घर येईपर्यंत चुकांची उजळणी.

एका रविवारी सकाळी त्याच्या पोटात दुखायला लागलं. पुढच्या रविवारीही. आदल्या संध्याकाळी मात्र गल्लीत चपलांचे गोलपोस्ट मांडून तो अंधार पडेपर्यंत खेळलेला होता. दुखणं कसलं आहे, ते मला तेव्हा कळलं.

आता मी कठड्यावर बसतो आणि चांगल्या खेळाला टाळ्या वाजवतो, समोरच्या टीमच्यासुद्धा. (पहिल्या दोन मॅचना तोंडात चिक्की धरून बसलो होतो, खोटं कशाला सांगू!) स्कूटरवर मॅचचा विषय मी काढत नाही. परवा रंकाळ्यावर भेळ खाताना त्यानंच काढला. कॉर्नर मारायला गेला आणि बॉल राहिला जागेवर, हा चिखलात आडवा. सांगताना हसू आवरत नव्हतं.

२०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, त्याचा अभिमान मलाही आहे. पण तेव्हापासून लाइनवरच्या प्रत्येक बापाला आपल्या घरात एक अनिकेत दिसतो. नॉर्वेत ११ वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांची गुणतालिकाच लावत नाहीत. गोलांसाठी जगभर गाजणारा एर्लिंग हालांड तिथंच वाढला.

स्थानिक आयोजकांना विनंती, की पालकांसाठी टचलाइनच्या पाच पावलं मागं चुन्याची आणखी एक रेघ मारावी. आणि या वयात ‘उत्कृष्ट खेळाडू’ची ढाल देणं थांबवावं, त्या ढालीवरून मुलं भांडत नाहीत, पालक भांडतात. ज्यांना ओरडल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनी दुपारी स्टेडियमच्या गॅलरीत यावं. मी तिथं असतोच.

– एक पालक, मंगळवार पेठ, कोल्हापूर