आक्का, तुझ्या पापणीला कळलं ते माझ्या मीटरला कळलं नाही

आक्का,

हे पत्र तुझी नात तुला वाचून दाखवील. तोंडावर आभार मानायला गेलो की तू "चा ठेव आधी" म्हणून विषय मोडतेस. म्हणून आता सगळ्यांच्या देखतच लिहून टाकतो.

एप्रिलमधल्या माझ्या पहिल्या फजितीपासूनच सुरुवात करायला हवी. थर्माकोलच्या खोक्यात चाळीसचा बल्ब, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा आणि एक स्वस्तातला थर्मोस्टॅट बसवून मी अंडी उबवायचं मशीन केलं होतं. गावठी अंडी २४ ठेवली, पिल्लं निघाली ३. बाराव्या दिवशी तर एक नासकं अंडं आतच फुटलं. वास इतका, की आईनं खोकं उचलून गोठ्यामागं नेलं आणि जेवायला वाढताना माझ्याशी बोलली नाही. शेवटच्या दिवसांत पाण्याची वाटी कोरडी पडली होती. दोन पिल्लं टरफलाला चोच मारून तशीच आत चिकटून मेली. अंडी देणाऱ्यानं शिळी दिली असणार, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो. चूक माझी होती, हे आज पहिल्यांदा लिहितोय.

मार्गशीर्षात पुन्हा २४ अंडी मांडली. दुसऱ्याच दिवशी तू विरजण मागायला आलीस, खोक्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "एक अंडं दे बघू हातात." मिटलेल्या डोळ्याच्या पापणीला तू ते टेकवलंस. "ताप हाय ह्याला."

मीटरवर ३७.५ दिसत होतं. पुस्तकातही तेवढंच सांगितलेलं. मी मनातल्या मनात हसलो, खोटं कशाला बोलू. तू वाद घातला नाहीस. पोरीचा ताप बघायचा पाऱ्याचा थर्मामीटर आणायला लावलास आणि अंड्यांच्या मधोमध ठेवलास. पाच मिनिटांनी बघतो तर १०१.५! ३७.५ म्हणजे फॅरनहाइटमध्ये ९९.५, म्हणजे अंडी दोन अंशांनी भाजत होती. सेन्सरची वायर कोपऱ्यातल्या हवेच्या भोकाशी लोंबत होती आणि तिथलाच गारवा मोजत होती. एप्रिलची अंडी कशानं गेली, ते मला त्या क्षणी कळलं. वायर अंड्यांच्या उंचीवर बांधली आणि त्या दिवसापासून तापाचा थर्मामीटर खोक्यातच राहिला. (पोरीला ताप आला तेव्हा बायकोनं काय ऐकवलं, ते इथं लिहीत नाही.)

मग सातवी रात्र, अंड्यात जीव धरलाय का ते उजेडात बघायची. दिवे घालवले, बॅटरीच्या तोंडावर पुठ्ठा बांधून त्याला रुपयापेक्षा लहान भोक पाडलं. तू म्हणालीस, तुमच्या काळी दाराच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपीपुढं मुठीत धरून अंडं बघायचे. पहिलं अंडं जाड बाजूनं भोकावर टेकवलं आणि आत लालसर उजेड भरला. मधे कोळ्यासारखं काहीतरी, त्याच्यापासून चौफेर पसरलेल्या बारीक लाल शिरा, आणि त्या कोळ्यात एक काळा ठिपका. पिल्लाचा डोळा. तो ठिपका हलला. मी बॅटरी टाकणारच होतो, तू खालून हात धरलास.

त्या रात्री तू मला दोन गोष्टी शिकवल्यास, दोन्ही माझ्या मनाविरुद्ध. दोन अंड्यांत शिरा नव्हत्या, नुसतं लाल गोल कडं होतं. तू त्याला 'बांगडी' म्हणालीस. जीव धरला होता आणि मेला, रक्त कडेला जमलं. मी म्हटलं, राहू दे आणखी दोन दिवस. "बांगडी दिसली की संपलं. ठिवशील तर बाकीच्यांस्नी नासवंल." एप्रिलचा वास आठवला आणि मी गुमान बाहेर काढली. तीन अंडी नुसतीच पिवळी उजळली, ती वांझ. तीही गेली.

आणि एक गडद तांबूस टरफलाचं अंडं मी वांझ म्हणून टाकायला निघालो होतो. तू ते हातातून घेतलंस, हळूच अर्धा वळसा दिलास आणि तिरकं धरलंस. पिल्लू पलीकडच्या बाजूला होतं. त्याच्यावर पेन्सिलीनं फुली मारायला सांगितलीस.

दिवसातून तीनदा अंडी फिरवायचो. सम आकडा नको, नाहीतर रोज रात्रभर एकच बाजू वर राहते, एवढं मी वाचलं होतं. तू म्हणालीस, कोंबडी मोजत बसत नाही, ती दिवसभर चोचीनं सारत असते. चौदाव्या रात्री तीन तास लाइट गेली तेव्हा मी तुला उठवायला आलो होतो. "आरं, कोंबडी बी दाणं टिपाय उठतीच की." खोक्यावर वाकळ टाकलीस, हवेला एक कोपरा उघडा ठेवलास आणि झोपायला गेलीस. मी मात्र उजाडेपर्यंत तिथंच बसून होतो.

अठराव्या दिवशी फिरवणं बंद केलं, पाण्यात स्पंज टाकून ओल वाढवली आणि झाकण लावलं. विसाव्या दिवशी आतून चिवचिव ऐकू यायला लागली. फुलीवाल्यानं संध्याकाळी भोक पाडलं आणि रात्री दहापर्यंत तसंच राहिलं. मी चिमटा घेऊन झाकण उघडणार, तेवढ्यात तू मनगट पकडलंस. आत पडद्याच्या शिरांत अजून रक्त असतं, बलक पोटात ओढला जायचा असतो; घाईनं सोललं तर पिल्लू रक्त जाऊन मरतं. हे तू सांगितलंस ते चार शब्दांत: "त्येला त्येचं करू दे."

पहाटे चारला टरफलाचं टोपण उडालं. १९ अंड्यांतून १६ पिल्लं. राहिलेली तीन का अडली, ते तू फोडून दाखवलंस. एक पिल्लू निमुळत्या टोकाकडं डोकं करून बसलं होतं. पिल्लं दे म्हटलं तर तू दोनच उचललीस, तीही नातीनं हट्ट केला म्हणून.

फुलीची आता तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, झाली आहे. परवापासून ती खुडूक झालीय, अंडी उबवायला बसायचं म्हणतेय, कुणी जवळ गेलं की अंगावर पिसं फुलवून येते. डालग्याखाली अकरा अंडी घालून बसवलंय तिला. सातवी रात्र गुरुवारी येते. जेवूनच ये इकडं. बॅटरी या वेळी मी पाडणार नाही.

तुझा,
शेजारचा