ओटीपी कशासाठी मागितला, ते

पुणे, २२ मार्च

ती. बाबा आणि सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, गुरुवारी रात्री मी तुमच्या मोबाइलवर आलेला ओटीपी विचारला आणि तुम्ही ‘कशाला’ असंही न विचारता सांगून टाकलात. तेव्हापासून मनाला चुटपुट लागून राहिली आहे. तो सीएमपी-०२ नावाच्या अर्जासाठी होता. १ एप्रिलपासून आपलं दुकान जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत जाईल, म्हणजे गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घ्यायचा नाही, विक्रीवर १ टक्का आपणच भरायचा. हा अर्ज नवं वर्ष लागायच्या आत भरावा लागतो. ३१ मार्च हुकला की पुढच्या मार्चपर्यंत थांबा. फोनवर बोलले असते तर तुम्ही अथणीच्या काकांचं नाव काढलं असतंत आणि मी गप्प बसले असते. म्हणून आधी भरला आणि आता लिहिते आहे. रागावा, पण पत्र पुरतं वाचून रागावा.

डोळ्याचे थेंब अजून चालू आहेत आणि तुम्ही भिंग घेऊन टू-बीशी, म्हणजे व्यापाऱ्यांनी पोर्टलवर चढवलेल्या बिलांच्या यादीशी, आपली बिलं ताडत बसता. आई आकडे वाचते, तुम्ही टिक करता, अकरा वाजतात. एखाद्या व्यापाऱ्यानं बिल चढवलेलं नसतं, मग सकाळी त्याला फोन, मग तो उद्या म्हणतो. कंपोझिशनमध्ये क्रेडिटच नसतं, म्हणजे खरेदीवर दिलेला जीएसटी वजा मिळत नाही, त्यामुळे ही जुळवाजुळवही नाही. तिमाहीला कर भरायचा एक छोटा फॉर्म, सीएमपी-०८, १८ जुलै, १८ ऑक्टोबर, १८ जानेवारी आणि १८ एप्रिलच्या आत, आणि वर्षाचा एक रिटर्न, जीएसटीआर-४, ३० जूनपर्यंत. दोन्ही मी इथून भरेन.

क्रेडिट नाही म्हटल्यावर तुमच्या कपाळाला आठी पडली असणार, म्हणून ढोबळ आकडे मांडते. वर्षाची खरेदी ५० लाख धरा. त्यातली २० लाखांची हळद थेट शेतकऱ्याकडून, तिच्यावर जीएसटी नाही. उरलेल्या ३० लाखांवर आपण ५ टक्क्यांनी दीड लाख जीएसटी देतो. विक्री ६० लाख आणि वर गिऱ्हाइकाकडून ३ लाख जीएसटी, म्हणजे गल्ल्यात ६३ लाख. आज त्या ३ लाखांतून दीड लाखाचं क्रेडिट वजा करून दीड लाख सरकारला जातात आणि आपल्या हाती १० लाख राहतात. भाडं, हमाली, वीज त्यातून. आता कंपोझिशन. गिऱ्हाइकाला भाव तोच, गल्ल्यात तेच ६३ लाख. त्यावर १ टक्का, म्हणजे ६३ हजार कर. दिलेला दीड लाख जीएसटी मालाच्या किमतीत मुरला, म्हणून खरेदी साडेएक्कावन्न लाख. राहिले १० लाख ८७ हजार.

वरचे ८७ हजार शेतकऱ्याच्या हळदीमुळे आहेत. सगळा माल बिलावर, जीएसटी देऊन घेत असतो तर उलट वर्षाला १३ हजारांची खोट आली असती. खरं सांगायचं तर १३ हजारांची खोट सोसूनही मी तुमच्या डोळ्यांसाठी हेच केलं असतं.

आता अथणी. कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही. खरेदी कुठूनही करा, विक्री महाराष्ट्रातच. अथणीच्या काकांचं दुकान कर्नाटकात नोंदलेलं आहे, त्यामुळे त्यांचं पार्सल ३१ मार्चनंतर जाणार नाही. ते स्वतः गाडी घेऊन आले तरी माल शेवटी अथणीलाच उतरणार, म्हणून तोही मार्ग बंद. शिवाय त्यांना क्रेडिट लागतं, ते आपल्या बिलावर मिळणार नाही. मार्केट यार्डातल्या आपल्या अडत्याकडून त्यांना तीच राजापुरी हळद परस्पर मिळेल आणि जीएसटीचं बिलही. हे त्यांना तुम्हीच सांगा. माझ्याकडून कळलं तर त्यांना लागेल. दिवाळीचा फराळ जायचा तो जाईलच, त्यावर जीएसटी नाही!

हॉटेलवाल्यांची काळजी करू नका. ५ टक्क्यांत बिल करणाऱ्या हॉटेलांना, खाणावळींना क्रेडिट घेता येतच नाही. त्यांना आपलं बिल कुठल्या प्रकारचं आहे याचं सुखदुःख नाही. घरगुती गिऱ्हाइकाला तर नाहीच. कागवाडहून लग्नाची हळद न्यायला येणाऱ्या मावशींना काउंटरवर खुशाल माल द्या, फक्त बिलावर त्यांचा पत्ता घालू नका. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत बिलावर पत्ता नसेल तर विक्री दुकानाच्या जागी झाली असं धरतात. पत्ता लिहिला, नुसतं ‘कर्नाटक’ एवढंच लिहिलं, तरी ती परराज्यातली विक्री होते. ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यात तसं स्पष्टच आहे. मात्र तिकडे ट्रान्सपोर्टनं पाठवायचं काहीही नाही, अगदी पाच किलोही नाही.

बिलबुकं बदलावी लागतील. १ एप्रिलपासून ‘टॅक्स इन्व्हॉइस’ नाही, ‘बिल ऑफ सप्लाय’. माथ्यावर ‘कंपोझिशन टॅक्सेबल पर्सन, नॉट एलिजिबल टू कलेक्ट टॅक्स ऑन सप्लाइज’ ही ओळ हवी. मजकूर छापखान्यात पाठवला आहे. बिलात कराचा रकाना नाही. आज हळद पावडर २४० अधिक जीएसटी १२ अशी लिहिता, ती आता सरळ २५२ लिहायची. सवयीनं हात ‘अधिक जीएसटी’कडे जाईल. तसा कर लावला तर तो भरावाही लागतो आणि दंडही होतो. जुन्या बुकांच्या कोऱ्या पानांवर आडवी रेघ मारा. बुकं फेकवणार नाहीत हे मला माहीत आहे, आई मागच्या बाजूला वाणसामानाची यादी करेल. २०० रुपयांच्या आतलं, गिऱ्हाइकानं मागितलं नाही तर सुटं बिल नको, पण अशा सगळ्या विक्रीचं दिवसाअखेर एक बिल फाडायचं. दुकानाबाहेर ‘कंपोझिशन टॅक्सेबल पर्सन’ असं दिसेल असं लावावं लागतं. आजोबांच्या पाटीला धक्का लावायचा नाही, खाली वेगळी पट्टी ठोकू.

खर्चाचं एक काम ३१ तारखेला आहे. त्या रात्री जो माल शिल्लक असेल त्यावरचं घेतलेलं क्रेडिट परत करायचं असतं, आयटीसी-०३ हा फॉर्म भरून, ६० दिवसांच्या आत. अंदाजे ४ लाखांचा माल असेल. त्यातली दीड लाखाची हळद शेतकऱ्याची, तिच्यावर क्रेडिट घेतलंच नव्हतं, ती सोडायची. अडीच लाखांवर ५ टक्के, १२,५००. पाऊच, पिशव्या २० हजारांच्या, १८ टक्क्यांनी ३,६००. दळायच्या मशीनचं आयुष्य ६० महिने धरतात. आपल्याला ३६ झाले, २४ उरले. १८ हजारांच्या क्रेडिटातले ७,२०० परत. एकूण २३,३००, एकदाच. म्हणून पोती मोजताना शेतकऱ्याचा माल आणि बिलाचा माल वेगवेगळ्या थप्प्यांत लावून घ्या. एकत्र झाला तर सगळ्यावरच कर भरावा लागेल. आणि ज्या व्यापाऱ्यांनी मार्चची बिलं चढवायची आहेत त्यांच्या मागे आत्ताच लागा. खात्यात उरलेलं क्रेडिट पुढे वापरता येत नाही. मार्चपर्यंतचे जुने रिटर्न नेहमीसारखे जातील, १३ आणि २२ एप्रिलला.

ट्रान्सपोर्टची बिल्टी, म्हणजे माल पाठवल्याची पावती, जपून ठेवा. ट्रान्सपोर्ट कंपनीच्या भाड्यावरचा ५ टक्के कर बहुधा आपल्यालाच भरावा लागतो, कंपोझिशनमध्येही, आणि त्याचं क्रेडिट नाही. गल्लीतल्या टेंपोवाल्याचं भाडं यात येत नाही, तो बिल्टी करत नाही.

आता वहीबद्दल, बाबा, आणि यात तुमचं ऐकणार नाही. तुमची खतावणी पाहून मी आकडे गिरवायला शिकले. तेरीज जुळली की तुम्ही डब्यातला एक बेदाणा द्यायचात, एकच. पण उधारीची वही आणि रोजमेळ वेगळे ठेवायची तुमची पद्धत आता चालणार नाही. तुम्ही उधारीचा माल पैसे आल्यावर विक्रीत धरता. कर मात्र बिल फाडलं त्या तारखेला लागतो. समजा १२ एप्रिलला ४,२०० चा माल उधार गेला. त्याच दिवशी रोजमेळात विक्री ४,२०० आणि गिऱ्हाइकाच्या नावे ४,२००. मे महिन्यात त्यानं फोनवरून २,००० पाठवले, ते त्याच्या खाती जमा, विक्रीत नाही. नाही तर तीच विक्री दोनदा लागते, किंवा कुठेच लागत नाही. दुसरं वाईट.

काउंटरवरच्या क्यूआरचे पैसे तुमच्या बचत खात्यात जातात, तिथेच ठेवीचं व्याज, तिथेच मामाचे परत आलेले पैसे. कोण काय म्हणून ओळखणार? जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या जमेवरून नोटिसा गेल्या, त्यातल्या कितीतरी जणांना आपली जमा आणि आपली विक्री वेगळी करून दाखवता येईना. म्हणून दुकानाचं चालू खातं वेगळं. नवा क्यूआर आला की जुना सोलून काढा, शेजारी शेजारी लावू नका.

रात्री दहा मिनिटं पुरतात. सकाळची रोकड, रोख विक्री, उधारीची रोख वसुली. वजा खर्च, बँकेत भरणा आणि घरची उचल. राहिलेली रक्कम गल्ल्यातल्या नोटांशी जुळली पाहिजे. यूपीआयची विक्री शेजारच्या रकान्यात, रोकडीत मिसळायची नाही. आई, भाजीला गल्ल्यातून २०० घेतलेस तर ते ‘उचल’ म्हणून लिही. बाबा ते किरकोळ खर्चात ढकलतात. आणि दहा रुपये कमी आले तर ‘फरक’ लिहून झोपा, ते शोधत बसू नका.

आयकराचं तुम्हाला ठाऊक आहे: रोखीच्या विक्रीवर ८ टक्के, बँकेतून आलेल्यावर ६ टक्के नफा धरायचा. २३ लाख रोख आणि ४० लाख बँकेतून आले तर १.८४ आणि २.४०, मिळून ४.२४ लाख. पण ती किमान रक्कम आहे. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा. कर लागणार असेल तर आगाऊ कर एकाच हप्त्यात, १५ मार्चच्या आत.

बिलं त्या त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या तारखेपासून ७२ महिने ठेवायची असतात. खालच्या कपाटात नाही. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर हे मी तुम्हाला सांगायला नको. महिन्याचा गठ्ठा बांधा, आईनं फोटो काढून मला पाठवावेत, आणि जूनच्या आधी सगळं माडीवर. तुम्ही जिना चढायचा नाही, पोराला सांगा.

आणि हे सगळं करून मन लागलं नाही, तर सीएमपी-०४ भरून केव्हाही बाहेर पडता येतं, शिल्लक मालावरचं क्रेडिटही परत मागता येतं. दुकान तुमचं आहे. एक वर्ष करून बघा, एवढंच मागते.

गल्ल्याजवळ लावायला दिवा पाठवते आहे. पाठीच्या खुर्चीवर बसा, पोत्यावर नको. थेंब दुपारचे चुकवू नका. आणि ओटीपी यापुढे कुणालाही, मलासुद्धा, ‘कशाला’ विचारल्याशिवाय सांगायचा नाही.

३१ ला दुपारच्या एसटीनं येते. दुकान सातला बंद करा, वजनकाटा मधोमध घ्या. खडू मी आणते.

तुमची,
मनू