डब्याचं वायरिंग आणि बाकीचं सगळं

साउथ बेंड, इंडियाना
रविवार

ती. बाबा आणि आई यांस सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, स्वेटर पुरेसे आहेत, खोकला गेला. फोनवर माझ्या डब्याचा, म्हणजे गाडीमागे जोडायच्या ट्रेलरचा, विषय निघाला की आई गप्प होते आणि बाबा "वायरिंग कोण करतंय?" एवढंच विचारतात, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. वायरिंग मीच करतेय. वायरमनच्या मुलीनं नाही करायचं तर कोणी करायचं?

आई, मी घर सोडून डब्यात राहायला चाललेली नाही. इथं लोकांची ही हौसच आहे. चांगली घरं असतात, अंगण असतं, तरी माल वाहायचा बंद ट्रेलर घ्यायचा, आत पलंग-ओटा-दिवे बसवायचे, गाडीमागे जोडायचा आणि सुट्टीत रानात जाऊन त्यात झोपायचं. निवृत्त माणसं तर घर विकून वर्षानुवर्षं अशी फिरतात, आणि त्यांची कोणी कीव करत नाही, उलट हेवा करतात. त्यांच्यासाठी भाड्याच्या जागा असतात. जागा म्हणजे काय, तर खडीची पट्टी, पाण्याचा नळ, लाकडी टेबल आणि कमरेएवढा विजेचा खांब. त्या खांबाशेजारी रात्र काढायचे पैसे मोजतात! तयार फिरती घरंही मिळतात, बहुतेक इथून जवळच्या एल्खार्ट भागातच बनतात. पण रिकामा डबा घेऊन स्वतः सजवणं स्वस्त पडतं.

बाबा, आता तुमच्या कामाचं. डबा 7 बाय 14 फुटांचा. आधी रोजचा लोड युनिटमध्ये काढला. 12 व्होल्टचा फ्रिज 600 वॅट-तास, छताचा पंखा 280, लॅपटॉप आणि फोन 240, दिवे 90, पाण्याचा पंप जेमतेम 15. म्हणजे सव्वा युनिट. इंडक्शन शेगडी अर्धा तास लावली तर इन्व्हर्टरचा तोटा धरून आणखी पाऊण युनिटाहून जास्त. बॅटऱ्या दोन, लिथियम आयर्न फॉस्फेट, प्रत्येकी 12.8 व्होल्ट 100 अँपिअर-तास. वापरायला दोन युनिट धरायचे. छतावर 400 वॅटचं सोलर, चांगल्या उन्हात दिवसाला दीड युनिट, इथल्या हिवाळ्यात त्याहून पुष्कळ कमी. तेव्हा शेगडी फक्त खांबाच्या विजेवर, आणि इन्व्हर्टर 2000 वॅटचा न घेता 1200 चा. 2000 वॅट म्हणजे तोटा धरून 12 व्होल्टला 180 अँपिअरच्या वर, आणि एका बॅटरीचा आतला कटऑफ 100 ला. दोन्ही केबल सारख्या लांबीच्या नसल्या की एक बॅटरी जास्त भार घेते, आधी कट होते, मग सगळा भार दुसरीवर येतो आणि तीही जाते. म्हणून प्लस एका बॅटरीवरून आणि मायनस दुसरीवरून घ्यायचं.

बॅटऱ्या पलंगाखाली ठेवणार, बाहेर गाडीला जोडायच्या दांड्यावर नाही. या जातीची बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली तर आत लिथियमचा थर बसतो आणि ती कायमची खराब होते. प्लसच्या बोल्टपासून वीतभर अंतरात क्लास टी फ्यूज, 150 अँपिअरचा, आणि इन्व्हर्टरला 50 चौरस एमएमची केबल. साधा पट्टीचा फ्यूज इथं नको. लिथियम शॉर्ट झाली की हजारो अँपिअर सोडते, पट्टी वितळली तरी आर्क, म्हणजे मधल्या हवेतून वाहणारा करंट, चालूच राहतो.

वायरची जाडी तुम्हाला पटणार नाही, म्हणून हिशेब देते. फ्रिज 60 वॅटचा. 230 व्होल्टला पाव अँपिअर, 12 व्होल्टला 5. फ्रिज बॅटरीपासून 5 मीटरवर, जाऊन-येऊन 10. इथली 14 नंबरची, म्हणजे आपली दोन एमएम, टाकली तर 0.4 व्होल्ट वाटेतच जातात. 230 मधून 0.4 कोणी विचारत नाही; 12 मधून ते तीन टक्क्यांच्या वर. बॅटरी उतरलेली असली की कंप्रेसर सुरू होतानाच कटऑफ मारतो आणि लोक फ्रिजला दोष देतात. म्हणून 10 नंबरची, सव्वापाच एमएम. तोटा 0.16 वर येतो.

रंगांचं मात्र जपावं लागतं. आपल्याकडे काळी म्हणजे न्यूट्रल. इथं 120 व्होल्टमध्ये काळी फेज आणि पांढरी न्यूट्रल, आणि 12 व्होल्टमध्ये काळी बऱ्याचदा मायनस. एकाच डब्यात काळ्या वायरचे दोन अर्थ नकोत, म्हणून बॅटरीचं मायनस पिवळं घेतलंय. तुमच्या डोळ्यांना पिवळा फेज दिसेल, पण इथं बोटींवर मायनसला पिवळा चालतो. दोन्हींच्या वाटाही वेगळ्या: डावी भिंत 120 ची, उजवी 12 ची.

डब्याच्या आत लोखंडी चौकोनी पाइपचे खांब आहेत. फोम आणि प्लायवूड लागायच्या आधी वायरी टाकायच्या. पाइपला पाडलेल्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट, नाहीतर रस्त्यावरच्या हादऱ्यांनी ती धार इन्सुलेशन करवतते. सोल्डर नाही, क्रिंप, म्हणजे दाबून बसवलेला जोड. सोल्डरची कड संपते तिथं वायर ताठ होऊन तुटते. भिंत झाकायच्या आधी मोजायची टेप धरून फोटो, म्हणजे पुढे स्क्रू वायरमध्ये जाणार नाही. मूळचे ब्रेक आणि इंडिकेटरचे वायरिंग जसंच्या तसं, त्याला हात नाही.

भाड्याच्या जागेवरच्या विजेच्या खांबाचा धोका खरा आहे, लपवत नाही. 30 अँपिअरचं सॉकेट तीन पिनांचं, त्यात 120 व्होल्टच हवेत. पण घरगुती कामं करणारे ते कपडे वाळवायच्या मशीनचं समजून कधीकधी 240 जोडतात, आणि आतलं सगळं जळतं. म्हणून प्लग लावायच्या आधी मीटर: फेज-न्यूट्रल 120, फेज-अर्थ 120, न्यूट्रल-अर्थ जवळपास शून्य. डब्याच्या बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ जोडायचे नाहीत, ते खांबाच्या मागच्या सप्लायमध्ये जोडलेले असतात. आतही जोडले आणि कॉर्डमधला न्यूट्रल तुटला तर डब्याच्या पत्र्यात करंट येतो. इन्व्हर्टरवर असताना मात्र जोड लागतो, तो इन्व्हर्टरमधला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, आपोआप करतो आणि खांब लागला की सोडतो. सॉकेटचा लीकेज ट्रिप 5 मिलिअँपिअरला उडतो, आपला घरचा 30 ला. मग आता सांगा, काळजी कशाची?

या महिन्याचे पैसे महिनाअखेरीस येतील. बॅटऱ्या महाग निघाल्या म्हणून नाही, पगारच उशिरा होतोय. म्हणजे थोडं बॅटऱ्यांमुळेही. आईच्या मोतीबिंदूचे वेगळे ठेवलेत, त्यांना हात लावलेला नाही, ऑपरेशन लांबवू नका. दीपकच्या साखरपुड्याला येणं जमत नाही. तिकिटाचे पैसे डब्यात घातले असं आत्या म्हणेल, म्हणू दे. रजाच नाही. लग्नाला नक्की येते, मुहूर्त ठरला की त्याच दिवशी कळवा, तिकीट लवकर काढलं तर स्वस्त पडतं. साताऱ्याच्या मुलाचा फोटो पाहिला. नाही म्हणत नाही. त्याला डब्याबद्दल आधीच सांगा, नंतर नको. त्याचा नंबर दीपककडून पाठवा, मी स्वतः बोलते.

आणि बाबा, मांडवाचं लायटिंग करायला तुम्ही शिडीवर चढायचं नाही. माणूस लावा, त्याचे पैसे मी पाठवते. जनरेटरचं अर्थिंग तेवढं तुम्ही खाली उभं राहून बघा.

तुमची,
सुमन