नवा रेक देताना डेपोही तयार ठेवा

महोदय,

लांब पल्ल्याच्या एखाद्या गाडीला एलएचबी रेक, म्हणजे जर्मन आराखड्याच्या नव्या डब्यांचा पूर्ण संच, मिळाला की बातमी होते, स्थानकावर हारतुरे होतात. दोन-तीन महिन्यांत त्याच गाडीच्या तक्रारी सुरू होतात: गाडी सुटताना धक्के बसतात, टाकी भरलेली असूनही नळाला पाणी येत नाही, आज एक डबा कमीच जोडला. जुने आयसीएफ डबे बदलायलाच हवेत, यात वाद नाही. मात्र नवे डबे ज्या डेपोत रोज तपासले जाणार, त्या डेपोची तयारी त्याच वेगाने होत नाही. घोडे पेंड खाते ते इथेच.

जुने डबे का जायला हवेत, हे आधी सांगतो. पेरांबूरची इंटिग्रल कोच फॅक्टरी, म्हणजेच आयसीएफ, १९५५ साली सुरू झाली. तिथला स्विस आराखड्यावरचा हा डबा आपण २०१८च्या जानेवारीपर्यंत बांधत होतो. त्याचे ठरलेले आयुष्य २५ वर्षे. म्हणजे शेवटचे डबे हिशेबाने २०४३ पर्यंत धावू शकतात. त्याचा गंज आतून सुरू होतो. संडासाजवळची फरशी उचलली की खाली पत्र्याचे पापुद्रे हाताने निघतात, आणि सोलबार, म्हणजे ज्या कडेच्या तुळईवर डब्याची भिंत उभी असते ती, पाणी मुरून पातळ झालेली दिसते. वरून रंग मारला तर हे कोणालाच दिसत नाही.

दुसरी गोष्ट कपलिंगची, म्हणजे डबे एकमेकांना जोडण्याची. आयसीएफ डबे स्क्रू कपलिंगने आवळलेले असतात आणि त्यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना धक्का झेलणारे बफर असतात. गाडी घसरली की हे बफर एकमेकांवर चढतात आणि मागचा डबा पुढच्यात शिरतो. २० नोव्हेंबर २०१६ रोजी कानपूरजवळ पुखरायाँ येथे इंदूर-पाटणा एक्स्प्रेस घसरली आणि सुमारे दीडशे प्रवासी मृत्युमुखी पडले. गाडी घसरण्याचे कारण काहीही असो, इतकी माणसे गेली ती डबे एकमेकांत घुसल्यामुळे. एलएचबी डब्याचा सेंटर बफर कपलर, म्हणजे मधोमधचा एकच जोड, एका डब्याला दुसऱ्यावर चढू देत नाही, आणि स्टेनलेस स्टीलची काया गंजतही नाही. तेव्हा बदल योग्यच आहे.

आता ब्रेक. आयसीएफ डब्यात ब्रेक ब्लॉक थेट चाकावर घासतो. खाली वाकून पाहिले की ब्लॉक किती झिजला ते कळते, अडकला असेल तर चाक तापून धूर येतो. एलएचबीत प्रत्येक अॅक्सलवर दोन डिस्क, म्हणजे डब्याला आठ, आणि त्या दाबायला बत्तीस पॅड लागतात. बावीस डब्यांच्या गाडीत ही संख्या ७०४ होते. हे पॅड बाहेरून दिसत नाहीत. प्लॅटफॉर्मवरून फक्त डब्याच्या कुशीतली हिरवी-लाल खिडकी दिसते, आणि ती ब्रेक लागला की सुटला एवढेच सांगते. झीज तपासायची तर पिटमध्ये, म्हणजे रुळांखालच्या तपासणीच्या खड्ड्यात, उतरून दिव्याच्या उजेडात एकेक पॅड पाहावा लागतो. त्यासाठी पिटमध्ये चालता येईल एवढी कोरडी जागा, दोन्ही बाजूंना दिवे आणि पुरेसा वेळ लागतो. प्रायमरी मेंटेनन्ससाठी, म्हणजे डेपोतल्या मुख्य तपासणीसाठी, सहा तास धरलेले असतात. पण एकच रेक दोन-तीन गाड्यांना वाटून दिला आणि गाडी चार तास उशिरा आली, की या सहाचे दोन होतात. मग रेक धुतला जातो, पाणी भरले जाते, आणि पॅडची पाहणी अर्ध्यावर राहते.

चाकांचेही तसेच. ब्लॉक चाकावर घासत असल्याने आयसीएफचे चाक आपोआप साफ होत राही. एलएचबीत चाक घसरू नये म्हणून व्हील स्लाइड प्रोटेक्शन असते: अॅक्सलच्या टोकाला एक दातेरी चकती आणि तिच्यापासून साधारण एक मिलिमीटरवर बसवलेला सेन्सर. चाक अडकतेय असे सेन्सरने कळवले की डंप व्हॉल्व्ह त्या अॅक्सलची हवा क्षणभर सोडतो. हे अंतर चुकले, केबल दगडाने तुटली किंवा कनेक्टरमध्ये पाणी गेले, की ओल्या रुळावर चाक जाम होऊन घासत जाते आणि त्यावर चपटा डाग पडतो. तो डाग पुढे प्रत्येक फेऱ्याला रुळावर आपटतो. आवाज प्रवाशाला ऐकू येतो, मार बेअरिंगला आणि रुळाला बसतो. पिटमधली व्हील लेथ, म्हणजे चाक कातायचे यंत्र, असेल तर चाक जागेवरच कातता येते. नसेल तर डबा सिक लाइनवर, म्हणजे नादुरुस्त डब्यांच्या रुळावर, नेऊन, उचलून, चाके बदलावी लागतात आणि तो गाडीतून निघतो. कोकणातल्या पावसाळ्यात हे किती वेळा घडत असेल, याचा अंदाज वाचकांना करता येईल. मांडवी आणि कोकणकन्या या दोन्ही गाड्या २०१९ पासून एलएचबीवरच आहेत.

धक्क्यांबद्दल बरेच लिहिले जाते आणि दोष चालकाला दिला जातो. मूळ कारण कपलरमधल्या मोकळ्या जागेत आहे. आयसीएफमध्ये स्क्रू आवळून बफर घट्ट दाबलेले असतात, त्यामुळे मोकळीक उरत नाही. एलएचबीत ती प्रत्येक जोडात थोडी असते, बावीस डब्यांची मिळून बरीच होते, आणि इंजिनाने ओढले की एकामागून एक ताणली जाते. कपलरमागे धक्का शोषणारा बॅलन्स्ड ड्राफ्ट गिअर बसवला आणि कपलरच्या तोंडाची झीज वेळच्या वेळी मोजली तर धक्के कमी होतात. भोर घाटात हे जास्त जपायला हवे. कर्जत-लोणावळा चढ ३७ला १ आहे, गाडीला मागून बँकर इंजिने ढकलतात. आयसीएफमध्ये हा रेटा बफर झेलत, आता तो सगळा मधल्या कपलरवर आणि ड्राफ्ट गिअरवर येतो. डेक्कन क्वीनला २०२२च्या जूनमध्ये एलएचबी रेक मिळाला. या घाटातून रोज जा-ये करणाऱ्या अशा रेकांचे ड्राफ्ट गिअर सपाटीच्या गाड्यांच्या वेळापत्रकाने तपासून चालणार नाहीत.

वीज हा पुढचा विषय. जुन्या डब्याखाली पट्ट्याने फिरणारा अल्टरनेटर होता, प्रत्येक डबा आपली वीज आपणच करी. एलएचबी गाडीत ७५० व्होल्टची वीज इंजिनाकडून किंवा पॉवर कारकडून, म्हणजे जनरेटरच्या डब्याकडून, सगळ्या डब्यांना जाते. पिट लाइनवर ७५० व्होल्टचा पुरवठा नसेल, तर दिवे, पंखे, एसी आणि पाण्याचे पंप तपासायला पॉवर कारचे डिझेल जाळत बसावे लागते, नाहीतर ती तपासणी टळते. टाकी भरलेली पण नळ कोरडा, या तक्रारीचे उगमस्थान अनेकदा हेच असते. टाक्या डब्याखाली आहेत, पाणी पंपाने वर चढते, आणि पंप सुरू करून पाहिलेलाच नसतो.

जादा डब्यांचा प्रश्नही इथलाच. आयसीएफ आणि एलएचबी डबे एकमेकांना सरळ जोडता येत नाहीत. डेपोत जादा डबे आयसीएफचे असतील आणि एलएचबीचा एक स्लीपर सिक झाला, तर गाडी एक डबा कमी घेऊनच सुटते. त्या डब्याचे ८० आरक्षित प्रवासी चार्ट लागल्यावर दारोदार फिरतात.

शेवटी बर्थचा हिशेब. आयसीएफ स्लीपरमध्ये ७२ बर्थ, एलएचबीत ८०. थ्री टियर एसीत ६४चे ७२ होतात. एलएचबी डबा लांब असल्याने २४ डब्यांच्या जागी २२ बसतात. समजा जुन्या गाडीत १२ स्लीपर होते, म्हणजे ८६४ बर्थ. नव्या रेकात ११ स्लीपर ठेवले तरी ८८० मिळतात, कोणाचेच नुकसान नाही. पण रेक बदलताना स्लीपर सातवर आणून बाकीचे एसी केले, तर ५६० उरतात आणि ३०४ लोकांची स्वस्त झोपायची जागा जाते. एलएचबीचा यात काही दोष नाही, हा रचनेचा निर्णय आहे. तो उघडपणे घ्यावा. २०२३च्या अखेरीस सुरू झालेल्या पहिल्या अमृत भारत गाड्यांत १२ स्लीपर आणि ८ जनरल डबे होते, म्हणजे नव्या बांधणीचे डबे बिनएसीही देता येतात, हे रेल्वेनेच दाखवले आहे.

आमची मागणी साधी आहे. एखाद्या गाडीचा रेक बदलणार असे जाहीर करताना त्याच पत्रकात चार गोष्टी छापाव्यात: प्रत्येक वर्गात आधी किती बर्थ होते व आता किती, प्रायमरी मेंटेनन्स कोणत्या डेपोत, तिथे ७५० व्होल्टचा पुरवठा आणि व्हील लेथ आहे की नाही, आणि त्या डेपोत जादा एलएचबी डबे किती. यातली एखादी गोष्ट तयार नसेल, तर नव्या रेकाची तारीख महिनाभर पुढे न्यावी.

आपले,
कॅरेज अँड वॅगन विभागातील निवृत्त पर्यवेक्षक, पुणे