आई, तुझ्यामुळं नाही

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, विनूच्या दुखण्यावरून काल पुन्हा तू म्हणालीस, "माझ्यामुळंच झालं गं." फोनवर तू माझं पुरतं ऐकत नाहीस, म्हणून लिहितेय. बाबा, तिला मोठ्यानं वाचून दाखवा.

विनूला गोवर आला सातव्या महिन्यात. गोवराची पहिली लस असते नऊ महिने भरल्यावर. मग तू चुकवलीस काय? कडुलिंबाचा पाला अंथरलास, दवाखान्यात उशिरा नेलंस, त्यानं हे दुखणं आलेलं नाही. अंगावरचं पुरळ गेलं, पण विषाणू रूप बदलून मेंदूत दबा धरून बसला. दोन वर्षांच्या आत गोवर झाला तर हा धोका जास्त असतो. बहुतेकांना गोवरानंतर सहा ते दहा वर्षांत त्रास सुरू होतो. विनूसारख्या थोड्यांना विशी उलटल्यावर. मिरजेचे डॉक्टर 'एसएसपीई' म्हणाले ते हेच.

द्राक्षाच्या पेट्या मोजताना तो चुकायला लागला, हातातून कप सुटायचा, मान मधूनच झटक्यानं झुकायची, ते सगळं यातलंच. ईईजीत, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या तपासणीत, एकसारख्या उंच लाटा ठरावीक सेकंदांनी दिसल्या आणि पाठीच्या कण्यातल्या पाण्यात गोवराची प्रतिद्रव्यं (अँटिबॉडीज) सापडली, तेव्हा खात्री झाली. बाहेरचं काही नाही. देवऋष्याकडं न्यायचं तर नाहीच.

शेजारच्या काकू लसीला नावं ठेवतात. अशा रुग्णांच्या मेंदूत खऱ्या गोवराचाच विषाणू सापडलाय, लसीतला नव्हे. ताईच्या बाळाचा गोवराच्या लसीचा दुसरा डोस दीड वर्षाला असतो, तो आता राहू देऊ नका. विनूजवळ खेळल्यानं बाळाला काही होत नाही, हा आजार तसा लागत नाही.

बाबा, बरा होईल का म्हणून विचारलंत. पूर्ण बरं करणारं औषध नाही. आयसोप्रिनोसिन आणि इंटरफेरॉननं काहींचा आजार मंदावतो, मोजके काही जण स्थिरावतात. डॉक्टरांनी यापुढं आशा दाखवली नाही. खोटं कशाला लिहू?

झटक्यांची गोळी मात्र एकही वेळ चुकवायची नाही, बरं वाटलं तरी. आकडी आली तर कुशीवर वळवा. कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ १०८ ला फोन करा. आणि जमलं तर मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवू.

शनिवारी तासगावला येतेय. गोळ्या मीच घेऊन येते, तुम्ही सांगलीला हेलपाटा मारू नका.

तुमची,
सुमन