बुडीआधी भराभर श्वास नको

संपादक महोदय,

फ्लोरिडातल्या जिनी स्प्रिंग्जसारख्या गोड्या पाण्याच्या झऱ्यांवर स्नॉर्केलिंगला, म्हणजे मास्क लावून तोंडातल्या नळीने (स्नॉर्केलने) श्वास घेत पोहायला जाणाऱ्यांना थंडीची धास्ती असते. पाणी बारमाही सुमारे २२ अंश सेल्सिअस. ३ मिलिमीटर जाडीचा वेटसूट (ऊब राखणारा रबरी पोशाख) घातला की बऱ्याच जणांचे निभते. खरा धोका दम कोंडून मारलेल्या बुडीत आहे.

चुनखडीतून आलेले पाणी इतके नितळ, की तळाशी उमाळ्यावर नाचणारी वाळू वरून दिसते. त्यात मास्कमधून ८ मीटरवरचा तळ ६ मीटरवर भासतो. खाली पोचायचेच म्हणून पोहणारा आधी दहा-बारा खोल श्वास भराभर घेतो. विहिरीत दम धरण्याची पैज लावणारी आपली पोरेही हेच करतात. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड तेवढा घटतो. श्वासासाठीची तगमग मुख्यतः याच वायूमुळे होते. ती लांबते, तोवर ऑक्सिजन संपत आलेला असतो. वर येताना दाब उतरतो, उरलासुरला ऑक्सिजन मेंदूला पुरत नाही आणि शेवटच्या काही मीटरांत, कधी डोके पाण्याबाहेर आल्यावरही, शुद्ध हरपते. बहुधा आधी काही जाणवत नाही, त्यामुळे पट्टीचे पोहणारेही यात दगावतात.

दोन मिनिटे संथ श्वास घ्यावा, मग एकच भरपूर श्वास, आणि स्नॉर्केल तोंडातून काढून बुडी. नाक दाबून कान पहिल्या मीटरपासूनच मोकळे करावेत. ठणका लागला की मागे फिरावे. दोन बुड्यांमध्ये बुडीच्या किमान दुप्पट वेळ विश्रांती हवी. जोडीदाराने वरच थांबावे आणि बुडी मारणारा वर आल्यावरही ३० सेकंद त्याच्यावरून नजर हटवू नये. शुद्ध गेलीच, तर तोंड पाण्याबाहेर धरून मास्क काढावा, गालावर थोपटून हाक मारावी. श्वास चालू नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्यावा.

खाली जाणे सोपे व्हावे म्हणून समुद्रात कमरेला बांधतात तो वजनपट्टा इथे तसाच बांधू नये. गोडे पाणी सुमारे अडीच टक्के हलके. साहित्यासह ८० किलो भरणाऱ्याने पट्ट्यातले २ किलो कमी करावेत. श्वास सोडल्यावरही तरंगता आले पाहिजे.

तिथल्या अनेक जलगुहांच्या तोंडाशी यमदूताचे चित्र असलेली पाटी असते. प्रशिक्षण नसणाऱ्याने तिच्यापलीकडे हातभरही जाऊ नये. पायातल्या फिनने (पोहण्याच्या वल्ह्याने) गाळ ढवळला की परतीची वाट दिसत नाही, आणि डोक्यावर खडक असल्याने सरळ वर येता येत नाही.

– एक जलतरण प्रशिक्षक, पुणे