लार्कस्परला ऑक्टोबर सोसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला हंगामी फुलांवरचा लेख आवडला. पण 'गणपती उठले की सगळं बी एकदम पेरून टाका' हे काही पटलं नाही. इंदुरात तेव्हा पाऊस पुरता गेलेला नसतो, आणि तो गेला की ऑक्टोबरचं ऊन असतंच.

लार्कस्पर या थंडीतल्या हंगामी फुलाचं बी या उकाड्यात कुंडीत नुसतं पडून राहतं. दोन वर्षं मी बियाणंवाल्याला बोल लावले. तिसऱ्या वर्षी त्याच्याच दुकानातलं पाकीट आणलं, पण पेरलं नोव्हेंबरच्या मध्यावर, रात्री गोधडी लागायला लागल्यावर. वर बोटाच्या अर्ध्या पेराएवढी माती लोटली, कारण त्याला अंधार लागतो. तीन आठवड्यांत रोपं वर!

पेटुनियाचं सगळं उलट. त्याला उजेड हवा, मातीखाली गेलं की संपलं. बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये साधारण १०,००० भरतं. शिंक आली तर हंगाम गेला. मी चिमूटभर बी कोरड्या वाळूत कालवून मिठाईच्या पारदर्शक डब्यात भुरभुरते. तळाला भोकं पाडायची आणि डबा पाण्याच्या परातीत ठेवायचा. झारीनं पाणी घातलं तर बी एका कोपऱ्यात वाहून जातं. माळव्याची काळी माती मात्र पेरणीला नको. ओली असताना चिकट, वाळली की भेगाळते. चाळलेलं कंपोस्ट आणि वाळू बरी.

लार्कस्पर आणि पॉपीचं सोटमूळ हललं की रोप मान टाकतं, म्हणून जागच्या जागीच पेरावं लागतं. आमच्या भागातल्या नर्सऱ्यांत त्यांची रोपं मला कधी दिसली नाहीत ती बहुधा याचमुळे. मग गच्चीगच्चीवर तोच जांभळा पेटुनिया. पुढच्या लेखात पुण्याचे, कोकणातले आणि आमच्याकडचे पेरणीचे महिने वेगवेगळे दिलेत तर बरं होईल.

आणि एक. लार्कस्परचं बी घरी धरणाऱ्यांनी डबीवर 'विषारी' असं ठसठशीत लिहावं. ते दिसतं थेट कलौंजीसारखं. माझी डबी फ्रिजमध्ये होती, आणि मे महिन्यात सूनबाईंनी ती कैरीच्या लोणच्यासाठी उघडलीसुद्धा होती. मी गच्चीवरून वेळेत खाली आले म्हणून वाचलो.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
लोकमान्यनगर, इंदूर